आमच्या अल्बममधला हलगीचा चढ

टोपावरनं मी बँड सोडला असं लोक सांगत फिरतात. खोटं आहे. टोपावरनं मी भांडलो, ते कबूल. पण बँड सोडून आठ दिवस घरी बसलो तो हलगीच्या चढावरनं. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो ठाऊक असलेली माणसं तीनच. त्यातली दोघं तोंड उघडत नाहीत, म्हणून मी लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे, कुणाकडनं लिहून घेतलेलं नाही.

ती तीन माणसं म्हणजेच आमचा बँड. एक गिटारवाला. विणकराच्या घरातला, घरात तेलुगू बोलणारा, जन्म गेला यंत्रमागावर चादरी विणण्यात. दुसरा गाणारा, दखनी बोलणारा. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गळा असा की त्यानं या चौकातनं हाक मारली तर पुढच्या चौकातला माणूस ब्रेक दाबायचा. तिसरा मी, मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहणारा हमाल. मी हलगी वाजवतो. वाजवायचो म्हणायचं नाही. वाजवतो.

चाळीसेक वर्षं झाली असतील. गिटारवाला कधीतरी मुंबईला गेला आणि येताना एक कॅसेट घेऊन आला. तिच्यावर चार परदेशी बाप्ये. खांद्याखाली केस, डोळ्यांत काजळ, ओठाला लाली, अंगात चमचमणारी जाकिटं. कॅसेट लावली तर पत्र्यावर ट्रकभर दगड ओतल्यासारखा आवाज.

गाणारा चित्र डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "ये मर्दां हैं की औरतां?"

"कोण का असंनात," गिटारवाला म्हणाला, "आपण असलंच काढायचं."

आणि आम्ही काढलं. त्यानं चुलत्याच्या मागावर चंदेरी धागा घालून स्वतः कापड विणलं. त्याची तीन जाकिटं झाली. माझी बायको तेव्हा नवी नवरी होती. तिनं त्यावर हातानं टिकल्या टाकल्या आणि टाकताना म्हणाली, "माझ्या लग्नातल्या चोळीलाबी एवढ्या नव्हत्या." आम्ही केस वाढवले. यार्डात बाकीचे हमाल मला 'वहिनी' म्हणायचे. मी एकेकाला पोत्यासकट खाली बसवल्यावर म्हणायचे थांबले. गिटार एका बुडालेल्या ऑर्केस्ट्रातली, आणि ती जोडायची मंडपवाल्याच्या फाटक्या भोंग्याला. त्या परदेशी लोकांचा खरखरीत आवाज कुठनं येतो ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमचा फाटक्या भोंग्यातनं यायचा.

ड्रम मात्र नव्हता. म्हणून हलगी घेतली. पुढं एकदा एकानं ड्रम देऊ केला तर गिटारवालाच म्हणाला, "नको. हलगी गेली तर आपण त्यांची नक्कल. हलगी हाय तवर आपण आपले."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यानंच म्हटलेलं आहे.

हलगीचं शास्त्र सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. ते गार असलं की ढप्प वाजतं, तापलं की कडाडतं. म्हणून वाजवायच्या आधी जाळावर शेकायची. स्टेजमागं चार कागद, थोडं चिपाड पेटवायचं आणि हलगी त्यावर फिरवत राहायची. किती फिरवायची ते बोटाला कळतं. दुसरं, चढ. हलगी एका चालीनं जात नाही. आमचं गाणं सुरू व्हायचं जुंपलेल्या बैलाच्या चालीनं आणि संपायचं उधळलेल्या खोंडाच्या. तो शेवटचा चढ मी घ्यायचो, गिटार माझ्यामागं पळायची आणि गाणाऱ्याचा शब्द संपून नुसती आरोळी उरायची. पहिल्या गणपतीला लोक आम्हाला हसायला जमले होते. चढ आला तसे खुर्च्या सोडून उठले. चढाशिवाय हलगी म्हणजे दाराची कडी. कुणीही वाजवावी.

मग लग्नं, पोरं, पोट. पाच-सात वर्षांत बँड थांबला. भांडण झालं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

आता दोन वर्षांमागं गिटारवाल्याच्या नातीनं आमची एक जुनी व्हिडिओ कॅसेट कुठनं तरी शोधून मोबाईलवर चढवली. ती पुष्कळ लोकांनी बघितली म्हणे. त्यातलाच एक जुळे सोलापुरातला स्टुडिओवाला. तिशी-पस्तिशीचा माणूस, बोलायला गोड. त्यानं आम्हा तिघांना बोलावून घेतलं. म्हणाला, "काका, तुमचा कमबॅक अल्बम करूया. आठ गाणी."

"कमबॅक म्हणजे?"

"परत येणं, काका."

"मी गेलो कुठं होतो? हितंच हाय की, चाळीस वर्सं."

तो हसला. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

पहिल्याच दिवशी फोटो. त्यानं तीन टोप आणले होते, लांब केसांचे, सोनेरी. गाणाऱ्यानं लगेच घातला आणि आरशात बघून स्वतःलाच सलाम केला. गिटारवाल्यानंही घातला. माझ्यापुढं आला तसा मी हात मागं बांधले.

"काका, पूर्वी तुमचे केस होते ना?"

"माझे होते. हे कुनाचे हायत?"

"नायलॉनचे आहेत, काका. कुणाचे नाहीत."

"मग ज्याचे न्हाईत त्याला घाल."

गाणारा टोपातनं ओरडला, "अरे पैलवान, पहन ले ना! चाँद निकला है तेरे सर पे, फोटो में चमकेगा!"

"चमकू दे की. टक्कल माझं हाय. पोती वाहून वाहून घासलंय. उसनं न्हाय आणलेलं."

जाकीट मात्र मी जुनंच घातलं. बटण लागत नव्हतं, उघडं सोडलं. टिकल्या निम्म्या गळालेल्या, पण ज्या राहिल्यात त्या तिच्या हातच्या. फोटो झाला. हे टोपाचं भांडण. इथंच संपलं. आता कुणी टोपाचं नाव काढायचं नाही.

स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर. भिंतींना काळा फोम, दार बंद केलं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. एसी असा की बाहेर मे महिना आहे हे विसरावं. गिटारवाल्याला त्यानं एक डबा दाखवला, त्यावर बटण. बटण दाबलं की आमच्या फाटक्या भोंग्याचा आवाज. मला ते आवडलं नाही. माझ्या कानाला त्यानं यंत्र लावलं. त्यात टिक, टिक, टिक. म्हणाला, या टिकटिकीवर वाजवा.

मी दोन ठोके टाकले आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. ढप्प. ओल्या पोत्यावर काठी मारल्यागत.

"काका, आवाज बसतोय," तो काचेपलीकडनं म्हणाला.

"बसनारच की. कातडं गारठलंय. जरा शेकतो."

"कुठं?"

"हितं कोपऱ्यात चार कागद पेटवतो."

"काका, सगळा फोम आहे!"

हे त्याचं बरोबर होतं. मी कमी शिकलेला आहे, वेडा नाही. मी खाली अंगणात जाऊन शेकून आणली. तीन मजले चढून, दार उघडून, यंत्र कानाला लावेस्तोवर ती परत गार. तीन वेळा खालीवर केलं. चौथ्यांदा त्यानं एक फायबरची हलगी काढली. कातड्याच्या जागी प्लॅस्टिक.

"ही तापवावी लागत नाही, काका."

मी ती हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, "हीत भजी तळत्यात काय?"

गाणारा फिस्सकन हसला. गिटारवाला हसला नाही. तो खाली मान घालून तारा पुसत होता. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

शेवटी मी त्या गार हलगीवरच आठही गाणी एकट्यानं वाजवली; तिथं तिघांचं वेगवेगळं टिपतात. टिकटिकीला मी जुमानलं नाही, चढ माझ्या हिशोबानं घेतला. स्टुडिओवाला म्हणाला, "असू द्या, मी बघतो." त्यानं काय बघितलं ते चार दिवसांनी कळलं. आम्हाला बसवून त्यानं पहिलं गाणं लावलं. हलगी कडाडत होती. स्वच्छ, टणटणीत. दोन ओळी होईस्तोवर मला खुशी झाली, खोटं कशाला सांगू. मग कान टवकारले. प्रत्येक ठोका तंतोतंत सारखा. माणसाचा हात असा पडत नाही. दमतो, सावरतो, मधेच त्याला काहीतरी आठवतं.

"हे कोन वाजवतंय?"

"तुम्हीच की, काका. म्हणजे चाल तुमची. आवाज कॉम्प्युटरमधला. त्यात हलगीचे ठोके तयार मिळतात."

"तयार म्हंजे? झाडाला लागत्यात? कुनीतरी वाजवलं असंल की."

"असेल."

"कोन त्यो?"

"ते लिहिलेलं नसतं, काका."

मला त्या माणसाची दया आली आणि रागही आला. कुठला तरी माझ्यासारखाच, जाळावर हलगी शेकून बसलेला. त्याला कुणीतरी म्हटलं असेल, जरा एक ठोका मार. त्यानं मारला. त्याला काय ठाऊक की तोच एक ठोका जन्मभर सगळ्या मुलखात वाजवणार आहेत, आणि त्याला विचारणार कुणी नाही! चांगला ठोका होता हो. पण एकच, परत परत. त्यालासुद्धा आवडला नसता.

तेवढ्यात गाणं संपलं. संपलं म्हणजे, जसं सुरू झालं तसंच संपलं. बैल शेवटपर्यंत बैलच.

"चढ कुठाय?"

स्टुडिओवाल्यानं गिटारवाल्याकडं बघितलं. गिटारवाल्यानं खिडकीकडं. तिथं खिडकी नाही, फोम आहे.

"स्पीड एकच ठेवलाय, काका. टिकटिकीवर बसवलंय सगळं."

"म्हंजे चढ कापला."

"कापला नाही, सरळ केला."

गाणारा मधे पडला, "जाने दे ना, पैलवान. लोगां को क्या समझता?"

"मला समजतं की."

"तेरे अकेले के वास्ते थोडीच निकालरे अल्बम?"

"मग माझ्याबिगर काढा."

हलगी पिशवीत घातली आणि तीन मजले उतरलो. जिन्यात कुणीतरी मागनं येतंय असं वाटलं. कुणी येत नव्हतं. त्याचा राग वेगळा.

आठ दिवस मी घरातनं हललो नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आवं, राग त्यांच्यावर हाय का हलगीवर? तिला कशापायी भिंतीकडं तोंड करून टांगलीया?"

"गप बस."

"बसते की. म्या काय बँडात हाय व्हय गप न बसायला?"

आठव्या दिवशी भर दुपारी गिटारवाला दारात आला. एकटाच. मी खाटेवरनं उठलो नाही. बायकोनं पाणी दिलं, चहा टाकला. चहा आला तेव्हा त्यानं कप दोन्ही हातांनी उचलला. कपाच्या कानात बोट न घालता, तळव्यांच्या मधे धरून, लहान पोरं धरतात तसा.

"हाताला काय झालंय?"

"काय न्हाय."

"कप खाली ठेव. दाव हिकडं."

त्यानं हात पुढं केले. डाव्या हाताची बोटं सांध्यावर सुजून वाकडी झालेली, मधलं बोट तर आवळायला गेला तरी निम्म्यावर अडकत होतं. तुटलेले धागे जोडून जोडून, वर वय.

"सकाळी तर बटणबी लावता येत न्हाय," तो म्हणाला. "सावकाश चाल असली की गिटार निभावते. चढ आला की बोटं मागं पडत्यात. म्हणून मीच त्याला सांगितलं, स्पीड एक ठेव. त्याची चूक न्हाय."

माझ्या डोक्यात आग गेली. खरं सांगतो, स्टुडिओवाल्याचा आला नव्हता एवढा राग.

"त्या कालच्या मानसाला सांगितलंस. त्याच्या मशीनला सांगितलंस. गाणाऱ्याला?"

"त्याला ठाऊक हाय."

"आनि मला न्हाय! चाळीस वर्सांची वळख, तुझ्यापुढं हलगी वाजवली, मला सांगायला तोंड न्हवतं?"

तो पण चिडला. मऊ माणूस, पण चिडला. "तुला सांगितलं असतं तर तू हळू वाजवला असतास! माझ्यासाठी हात आखडला असतास, आणि ते मला ऐकू आलं असतं. मशीन हळू वाजवतंय ते चालतं मला. तू न्हाय!"

बायको चुलीकडनं म्हणाली, "दोघंबी हळू बोला, शेजारी झोपल्यात."

मी हळू वाजवला असता का? त्यावर मी पुष्कळ विचार केलाय. अजून ठाऊक नाही. पण न विचारता ठरवणारा तो कोण? माझा चढ कापायचा तर मला विचारून कापायचा. मी काय कॉम्प्युटरमधला बिननावाचा माणूस आहे?

मी उठून भिंतीवरची हलगी काढली. म्हटलं, "एक गानं. आटातलं एकच. तिघं एकत्र, कानात टिकटिक न घालता. चढ मी घेनार. तुला जितं थांबायचं तितं थांब, मी थांबनार न्हाय."

"आणि मी थांबलो तर?"

"थांबलास तर थांबलास. तेबी ऐकू दे लोकांना."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्यापुढं उभा राहिलो. तो हो म्हणाला, पण गार हलगीचा प्रश्न होताच. मी म्हटलं, "गच्चीवर चल. दुपारी बाराला."

"काका, वर ऊन किती आहे!"

"म्हणूनच की."

सोलापूरच्या मे महिन्यात जाळ पेटवायला लागत नाही, ही साधी गोष्ट माझ्याही डोक्यात आठ दिवस आली नव्हती. गच्चीच्या फरशीवर हलगी पालथी घातली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. स्टुडिओवाला जिन्यातनं वायरी ओढत होता आणि कुरकुरत होता. गाड्यांचे हॉर्न येतील, वारा येईल, कबुतरं येतील. मी म्हटलं, आमच्या काळी कुत्रीसुद्धा यायची. गिटारवाल्याला सावलीत खुर्ची दिली. गाणारा टोप घालून आला होता, पाच मिनिटांत घामानं भिजून त्यानं तो टाकीवर फेकला. "हौ पैलवान, तू सयाना निकला," म्हणाला.

हलगी उचलली तर बोट भाजलं. एक ठोका टाकला. कडाड्! शेजारच्या गच्चीवर सांडगे घालणारी बाई दचकून उभी राहिली आणि ओरडली, "कुनाची वरात हाय गं बया एवढ्या उनात?"

मी थांबलो नाही. बैलाची चाल धरली. गिटार आली, गळा आला. गळा आता चिरका झालाय, पण डब्यातल्या फाटक्या भोंग्याशी जमून गेला. कानात टिकटिक नव्हती. गिटारवाल्याचा पाय फरशीवर पडत होता, तो बघत बघत मी वाजवत होतो. मग जागा आली. मी चढ घेतला.

तो आला माझ्यामागं. पहिल्या वळणाला आला, दुसऱ्याला आला. तिसऱ्याला त्याचा एक सूर निसटला, मग दुसरा. मी बघितलं. माझा हात आपोआप जरासा जड झाला. झाला, लपवत नाही. त्यानं ते लगेच ओळखलं. माझ्याकडं असं बघितलं की वाटलं गिटार फेकून मारतो. मग त्यानं सगळ्या तारांवर एकदाच हात मारला आणि हात वर उचलून धरला. तारा तशाच गुरगुरत राहिल्या, लांब, न थांबता. आणि मान हलवली. जा.

मी गेलो. एकटा गेलो. खाली ती एक गुरगुर, वर गाणाऱ्याची आरोळी आणि मधे माझी हलगी. दोन्ही खांद्यांत कळ आली, डोळ्यांत घाम गेला. कुठं थांबायचं ते ठरलं नव्हतं. तारांचा आवाज विरला तेव्हा शेवटचा ठोका टाकला.

स्टुडिओवाला वायर गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "काका, सुरुवातीला ती बाई बोलली आहे, तेवढं कापतो."

"खबरदार कापलंस तर."

अल्बम आला. सात गाणी कॉम्प्युटरच्या हलगीची, आठवं गच्चीवरचं. बाईचं वरातीचं वाक्य त्यात आहे. स्टुडिओवाल्यानं आठही गाण्यांपुढं हलगीला माझं नाव घातलं होतं. मी परत तीन मजले चढून गेलो.

"सात गान्यांवरनं माझं नाव काढ."

"काका, लोक नाव घालायला भांडतात!"

"मी वाजवलेलं न्हाय ते माझं न्हाय. ज्यानं वाजवलं त्याचं घाल."

"त्याचं नावच माहीत नाही."

"मग तसं लिही."

तास गेला, पण लिहिलं. मोबाईलवर बघा, सात गाण्यांपुढं आहे: हलगी, नाव माहीत नसलेला वादक. आठव्यापुढं माझं आहे. आणि फोटोत माझं टक्कल आहे.

सात गाण्यांतला चढ कापला तो कापलाच. त्याचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. गिटारवाला अधनंमधनं दुपारचा येतो. बायको त्याला आता कप देत नाही, खोलगट पितळीत चहा देते, दोन्ही हातांनी धरायला बरी. चहा झाला की तो नातीनं शिकवल्याप्रमाणं मोबाईलवर आठवं गाणं लावतो, बोटं चालत नाहीत म्हणून अंगठ्यानं. गिटार थांबते ती जागा आली की तो पितळीत बघत बसतो. मी त्याच्याकडं बघत नाही. गाणं संपलं की विचारतो, "परत लावू?"

मी म्हणतो, "लाव की. तुझ्यावर राग हाय, गान्यावर न्हाय."